किती अंतर आलो?



आपल्या बुलढाणा जिल्ह्याला समुद्र नाही. पण मालवण-तारकर्लीला जाऊन आलेल्यांकडून स्कूबा डायव्हिंगच्या गोष्टी आपण ऐकतो. पाण्याखाली ना मैलाचा दगड, ना मोबाइलचा जीपीएस. उपग्रहाचा संदेश तेथे पोहोचत नाही. दिशा होकायंत्र सांगते, पण अंतर कोण सांगणार?

पाणबुडे त्यासाठी साधी रीत शिकतात. तळाशी ३० मीटर दोरी ताणायची आणि नेहमीच्या गतीने पोहताना पाय किती वेळा मारले ते मोजायचे. ३० मीटरला २५ वेळा मारले, तर १०० वेळांत १२० मीटर. आपला शेतकरी पावलांनी बांध मोजतो, तसेच हे.

पण यात एक मेख आहे. प्रवाह समोरून असला तर पाय तेवढेच, अंतर मात्र कमी. मागून असला तर थोडक्या श्रमात माणूस लांब जातो. पुरात पैनगंगा ओलांडणाऱ्याला हे सांगायला नको. डोळ्यांवर विसंबावे, तर मास्कच्या काचेतून ४ मीटरवरचा खडक ३ मीटरवर भासतो. म्हणून जाणता पाणबुड्या आपला आकडा ओळखीच्या खुणेशी पडताळून पाहतो.

मग माणसाची प्रगती कशाने मोजावी? श्रमाने की अंतराने? तत्त्वज्ञ कांट १७८५ साली म्हणाला की, सदिच्छेला यश आले नाही तरी तिचे मोल कमी होत नाही. खरे आहे. पण नुसत्या इच्छेने होडी गाठता येत नाही. टाकीतली हवा संपतेच.

काही वर्षांपूर्वी दारू सोडू पाहणाऱ्या एका बांधवाला आम्ही म्हणालो, "तुम्ही होतात तिथेच आहात." तो खाली मान घालून निघून गेला. बुडालेले पीक, डोक्यावरचे कर्ज, घरातच पिणारी माणसे, हा प्रवाह आम्ही विचारलाच नव्हता. आम्हाला मात्र प्रार्थनेचे घर लाभले, सेमिनरीची शिस्त लाभली. मागून ढकलणारे पाणी आम्ही आपल्याच पायांचे बळ समजत होतो.

तेव्हा दुसऱ्याचे अंतर मोजण्याआधी त्याचा प्रवाह विचारावा. स्वतःच्या बाबतीत मात्र "मी पुष्कळ पाय मारले" एवढ्यावर समाधान मानू नये. रात्री विवेकबुद्धी तपासताना एखादी खूण शोधावी: ज्याच्याशी अबोला होता, त्याच्याशी आज आपण बोललो का?

त्या बांधवाच्या घरी आम्ही नंतर गेलो. आधी क्षमा मागितली, मग त्याचे ऐकून घेतले.

आपले धर्मगुरू