सटवीचा लेख आणि आगाशिवची लेणी



मूल जन्मले की पाचव्या रात्री पाचवी पुजायची, कोरा कागद व लेखणी ठेवायची, आणि सटवाई येऊन बाळाच्या कपाळी नशीब लिहून जाते असे मानायचे, ही चाल आपल्या घराघरांत होती. भिंतीवर बुद्धाची तसबीर लागली तरी काही घरांतून ती गेलेली नाही. म्हातारी माणसे म्हणतात, 'असू द्या, लेकराचे बरे होईल.' त्यांच्यावर रागावण्यात अर्थ नाही. पण आपल्या कपाळीचा लेख खरोखर कोण लिहीत होते, हे पाहिले पाहिजे.

आपल्या कराड तालुक्यातील मसूर स्टेशनची हकीकत बाबासाहेबांनी स्वतः लिहून ठेवली आहे. १९०१ साली वडिलांच्या नोकरीच्या गावी निघालेली मुले साताऱ्याहून येऊन मसूरला उतरली. कपडे नीटनेटके होते, म्हणून स्टेशनमास्तरांनी आपुलकीने चौकशी केली. जात कळताच त्यांचा चेहरा पालटला. दुप्पट भाडे कबूल केले तेव्हा कुठे एक गाडीवान तयार झाला, तोही मुलांनीच गाडी हाकावी व आपण शेजारून चालावे या अटीवर. जवळ अन्न होते, पण पाणी मिळाले नाही. यात सटवाई कुठे आली? मुले तीच, स्टेशन तेच. मध्ये फक्त एक शब्द उच्चारला गेला.

तथागतांच्या काळी मक्खली गोसाल सांगत असे की माणसाच्या प्रयत्नाने काही होत नाही. सुताची गुंडी फेकली की उलगडत संपते, तसे आयुष्य संपते. तथागतांनी या मताइतके घातक दुसरे मत मानले नाही. सगळेच पूर्वकर्माने घडत असेल, तर हे करावे आणि हे करू नये, असे सांगण्याला जागाच उरत नाही.

इथपर्यंत आपल्या सर्वांना पटते. अडचण पुढे आहे. नशीब पुढच्या दाराने हाकलले की मागच्या दाराने येते. जखिणवाडीच्या डोंगरात आगाशिवची साठाच्या वर लेणी आहेत. आपली कुटुंबे ती पाहून येतात आणि अभिमानाने म्हणतात, 'आपण मूळचे बौद्धच. परत येणे आपल्याला चुकणारच नव्हते.' अस्पृश्य हे पूर्वीचे बौद्ध, ही मांडणी बाबासाहेबांनी १९४८ साली ग्रंथ लिहून केली, तेव्हा अभिमान रास्तच आहे. पण 'चुकणारच नव्हते' ही पुन्हा सटवाईच! केळुसकर गुरुजींनी लिहिलेले बुद्धचरित्र बाबासाहेबांच्या हाती मॅट्रिक होताच आले होते. येवल्याची घोषणा १३ ऑक्टोबर १९३५ ची, नागपूरची दीक्षा १४ ऑक्टोबर १९५६ ची. रक्तातच धम्म होता, तर मधली २१ वर्षे कशासाठी लागली? त्या काळात त्यांनी धर्म तपासले, शीख धर्माचा गंभीरपणे विचार केला. आधीच ठरलेल्या गोष्टीसाठी कोणी इतके झिजत नाही.

आता आपल्या मुलांचे पाहा. शाळेच्या दाखल्यावर 'बौद्ध' लिहिले जाते. ते लिहिलेच पाहिजे, त्यात आपला हक्क आहे. परंतु मुलगा विचारतो, 'आपण बुद्धालाच का मानायचे?' आणि आपण 'बाबासाहेबांनी सांगितले म्हणून' एवढेच उत्तर देऊन गप्प बसवतो, तेव्हा त्याच्या कपाळी आपणच एक लेख लिहितो. परंपरा आहे म्हणून, गुरूने सांगितले म्हणून मानू नका, हे तथागतांनी कालामांना सांगितले, ते आपल्या पोरांना लागू नाही काय? 'मग तो नाही म्हणाला तर?' अशी भीती आईबापांना वाटते. ती खरी आहे. एवढ्या हालअपेष्टांतून मिळवलेले मुलाने सहज टाकून दिले, तर कोणाचा जीव तुटणार नाही? पण विचारू न दिलेल्या मुलाजवळ धम्म नसतो, नुसता दाखला असतो.

आगाशिवच्या एका लेण्यात ब्राह्मी अक्षरांत लहानसा लेख आहे. गोपालाचा मुलगा संघमित्र याने हे लेणे दान दिले, एवढाच मजकूर. बापाचे नाव गाई राखणाऱ्याचे, मुलाचे संघाच्या मित्राचे. त्या घरात बापलेकांचे या विषयावर बोलणे झालेच असेल, आणि पहिला प्रश्न मुलानेच विचारला असेल, असे मला आपले वाटते.