दुसऱ्याच्या पंक्चरसाठी राखलेला वेळ

1951 सालची पॅरिस-ब्रेस्ट-पॅरिस. सुमारे बाराशे किलोमीटरच्या या सायकल शर्यतीत मोरिस दियो आणि एदुआर म्युलर सगळ्यांना मागं टाकून परतीच्या वाटेवर होते. पॅरिस जेमतेम 22 किलोमीटरवर आलेलं असताना त्राप गावाजवळ म्युलरचं चाक पंक्चर झालं. दीड दिवस रस्त्यावर काढलेल्या दियोला आता फक्त पुढं निघून जायचं होतं. नियमही आड येत नव्हता.

दियो थांबला. चाक दुरुस्त झाल्यावर दोघं पुन्हा जोडीनं निघाले, अखेरच्या क्षणी आपापली ताकद लावून झुंजले आणि दियो जिंकला. वेळ 38 तास 55 मिनिटं.

व्यावसायिक सायकलपटूंची ही शर्यत त्यानंतर पुन्हा झाली नाही. रस्ता मात्र ओस पडला नाही. हौशी सायकलस्वार तिथं आधीपासूनच येत होते, आजही दर चार वर्षांनी येतात. 2019 साली सहा हजारांहून अधिक जण निघाले होते. कमाल मुदत 90 तास. पहिला, दुसरा असा क्रमांक कोणालाच नाही.

लांब पल्ल्याच्या अशा सायकल फेरीला ब्रेव्हे म्हणतात. पुणे, मुंबई, नाशिक इथंही ब्रेव्हे होतात आणि पहाटेच्या अंधारात चमकणारी जाकिटं घातलेली माणसं घाटाकडं निघालेली दिसतात. मागं मदतीची गाडी ठेवायची नाही. ठरलेल्या ठिकाणी कार्डावर शिक्का घ्यायचा. शिक्का मारायला कोणी नसेल, तर कधी एटीएमची पावतीही पुरावा म्हणून चालते. सगळ्यात विलक्षण नियम वेगाचा आहे. ताशी सरासरी साधारण 15 किलोमीटरपेक्षा हळू जायचं नाही, हे समजण्यासारखं आहे. पण वरची मर्यादाही आहे. त्याहून लवकर पोहोचलेल्यानं शिक्क्याची वेळ सुरू होईपर्यंत तिथंच बसून राहायचं.

घाई करणाऱ्याला शरीरही साथ देत नाही. जोर लावून सायकल हाणली की स्नायू मुख्यतः साठवलेली साखर वापरतात आणि तो साठा काही तासांत संपत येतो. संथ, एकसारख्या गतीत चरबीही मोठ्या प्रमाणात कामी येते आणि ती सडसडीत माणसाच्या अंगातही भरपूर असते. म्हणून सुरुवातीला दुसऱ्याच्या मागच्या दिव्याचा पाठलाग करणारा दीडशे किलोमीटरनंतर रस्त्याच्या कडेला डोकं धरून बसलेला सापडतो. फ्रान्समध्ये सायकल भ्रमंती रुजवणारे पॉल द विवी ऊर्फ वेलोसियो यांनी भूक आणि तहान लागण्याआधीच त्यांची सोय करायला सांगितलं होतं. मिरवण्यासाठी पायडल मारू नका, हेही त्याच नियमांत होतं. आहाराच्या सल्ल्याशेजारी अहंकाराचा सल्ला ठेवणारा हा माणूस रस्ता खरोखर ओळखत होता.

दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. ताशी वीसच्या शांत गतीनं चालवलं, तर दहा तास पुरतात. उरलेल्या साडेतीन तासांत टपरीवरचा चहा बसतो, जेवण बसतं, स्वतःचं पंक्चर बसतं. अनोळखी माणसाचंही बसतं. हा मोकळा वेळ म्हणजे संथ सायकलस्वाराची खरी श्रीमंती. आपल्या रोजच्या दिवसात ती राहिलेली नाही. कामाला खेटून काम लावलेलं असतं, आणि कोणाची आई दवाखान्यात आहे असं कळलं तरी आधी घड्याळाकडं नजर जाते. यात स्वभावाचा दोष असतोच असं नाही. पुष्कळदा दिवसच तसा बांधलेला असतो. दियोनं मात्र जागा नसताना थांबून दाखवलं. म्हणून पाऊणशे वर्षांनंतरही तो आठवतो.

पॅरिस-ब्रेस्टच्या वाटेवरची गावंही थांबायला लावतात. लोक दारासमोर टेबल मांडतात, पाणी आणि कॉफी देतात, रात्रीही जागे राहतात. एका खेड्यातलं कुटुंब वर्षानुवर्षं सायकलस्वारांना गरम धिरड्यांसारखे क्रेप खाऊ घालत आलं आहे. पैसे घेत नाहीत. घरी पोहोचल्यावर तुमच्या गावाचं एक पोस्टकार्ड पाठवा, एवढंच सांगतात.