दासाशी नीट वागा, म्हणजे काय?

चामटोलीची आम्ही सातआठ पोरं सोपारा बघायला गेलो. बदलापूरला पहाटेची लोकल धरली, दादरला गाडी बदलली. सोपाऱ्याचा स्तूप म्हणजे आता विटामातीचा ढिगारा. 1882 साली भगवानलाल इंद्रजींनी तो उकरला, तेव्हा आत दगडी पेटी निघाली. तिच्यात करंड्यात करंडा, आणि शेवटच्या सोन्याच्या करंड्यात मातीच्या भांड्याच्या खापऱ्या. बुद्धाच्या भिक्षापात्राच्या म्हणून कुणीतरी जिवापाड जपलेल्या. पेशवाईत ज्यांच्या गळ्यात थुंकायला मडकं बांधलं, त्यांच्या पोरांनी हे ऐकलं की छाती भरून येणारच. आमचीही आली.

तिथनं मुंबईला, छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. सोपारा परिसरात सापडलेले अशोकाच्या आठव्या नि नवव्या शिलालेखाचे तुकडे या संग्रहालयाकडे आहेत. नववा भुईगावला सापडला, 1956 साली. दीक्षेच्याच वर्षी! एकानं तिथंच 'जयभीम' ठोकला.

माहिती देणारा नववा लेख समजावून सांगत होता. लग्न, बाळंतपण, आजारपण, प्रवास, लोक नाना मंगलविधी करतात, फळ थोडं. खरं मंगल म्हणजे दास आणि नोकरांशी नीट वागणं, वडीलधाऱ्यांचा मान ठेवणं, जिवांशी संयमानं वागणं. सगळ्यांनी माना हलवल्या. माझी हलेना. नीट वागवलं, ठीक. पण दास दासच ऱ्हायला की!

परतीच्या गाडीत हे बोललो तर पोरं उखडली. 'आपल्याच राजाला नावं ठेवतोस?'

मित्रांनो, मनूला जाब आणि अशोकाला माफी, हा कुठला न्याय? बुद्धानं माणसांचा व्यापार वर्ज्य धंद्यांत धरला. अशोक 'नीट वागवा' इथवर आला. त्या काळात तेही मोठंच. पण गावकीत आपल्या बापजाद्यांनाही एखादा भला पाटील भेटायचाच. भाकर चतकोर जास्त वाढायचा. वेठ सुटायची नाही. बाबासाहेबांनी भला पाटील मागितला नाही. वतनाच्या गुलामीविरुद्ध 1928 साली मुंबई कौन्सिलात बिल आणलं. पुढं संविधानाच्या 23व्या कलमानं वेठबिगारीच बंद केली. मालकाच्या मर्जीवर काहीच ठेवलं नाही.

आता आपल्या अंगणात या. विहाराचा ओटा बांधताना विटा वाहायला कातकरी बाया होत्या. आम्ही त्यांना आमच्याच कपातनं चहा दिला, ताई म्हणालो. मजुरी मात्र अर्धी दिली. 'बाकी जयंतीनंतर.' जयंती झाली, मिरवणूक झाली, डीजेचे पैसे त्याच रात्री दिले. त्या बाया अजून विचारायलाही आल्या नाहीत. का आल्या नाहीत, हे आपल्याला कुणी समजावून सांगायला हवं का?

आम्ही त्यांच्याशी नीटच वागलो. अशोकाच्या लेखात बसेल इतकं नीट.

येत्या रविवारी मी बाकीचे पैसे घेऊन वाडीवर जाणार आहे. ज्यांना पटतंय त्यांनी पत्रं लिहू नयेत. सकाळी आठला विहारापाशी यावं.