खवय्याची पारख

मी : आत्या, मला खादाड म्हण, चालेल, पण खरं तर मी खवय्या आहे. खादाड पोटासाठी खातो, खवय्या चवीसाठी.

आत्या : गवय्या म्हणवून घ्यायला आधी गावं लागतं. खवय्याचं काय, पानावर बसला की झाला!

मी : जीभही तयार करावी लागते. फ्रेंचांचा ‘गुर्मे’ मूळचा दारूच्या व्यापाऱ्याकडचा नोकर. वाइन चाखायची आणि प्रत सांगायची, हे त्याचं काम. चोखंदळ खाणारा हा अर्थ मागाहून आला.

आत्या : त्याला खोट काढायचे पैसे मिळत होते. तुला कुणी नेमलंय? परवा पंगतीत ‘गूळ कमी पडलाय’ म्हणालास, वाढणारीचा हात तिथेच थांबला. अन्नाला नावं ठेवू नयेत रे.

मी : खोट कळूनही गप्प बसायचं? मग माझ्या ‘छान’ला तरी काय अर्थ?

आत्या : गप्प बस कोण म्हणतंय? नंतर ओट्याशी येऊन सांग.

मी : तोवर आमटी संपलेली असते.

आत्या : संपली ना? मग गूळ पुरेसा होता.

(यावर काय बोलणार! मी विषय बदलला.)

मी : आता सगळेच स्वतःला ‘फूडी’ म्हणवतात. गेल ग्रीन यांनी 1980 मध्ये ‘न्यूयॉर्क’ साप्ताहिकात तो शब्द वापरला. 1984 मध्ये ॲन बार आणि पॉल लेव्ही यांनी फूडींवर अख्खं पुस्तक काढलं, तेही निम्मं थट्टेचंच. ती थट्टा लोक आता अभिमानाने मिरवतात.

आत्या : मिरवू देत. नैवेद्याचा स्वयंपाक आम्ही चाखत नाही, ठाऊक आहे ना? कटाची आमटी उकळली की नुसत्या वासावर मीठ ओळखायचं. अशा बाईला काय म्हणशील?

मी : सुगरण.

आत्या : ते रांधण्याबद्दल झालं. तिच्या पारखीबद्दल विचारतेय मी.

मी : ...जाणकार?

आत्या : जाणकार तर कुणालाही म्हणतात, गाण्यातल्या, नाहीतर शेअरबाजारातल्या. जाऊ दे. तुला खवय्या व्हायचंय ना? मग येत्या होळीला कट तू काढ. डाळ नीट निथळून घे. पाणी राहिलं तर पुरण सैल होतं आणि पोळी लाटताना फुटते.