सुटीतील प्रवास आणि युक्त विहार

गृहस्थाश्रमी मनुष्याने विश्रांती घ्यावी काय, आणि घ्यावयाची तर कोणत्या भावाने, हा प्रश्न दिसतो तितका क्षुल्लक नाही. शाळांना पोंगलची सुटी लागते, मुले आगगाडीच्या प्रवासाचा हट्ट धरतात, आणि सत्त्वशील गृहस्थाच्या मनात द्वंद्व उभे राहते. हे इंद्रियांचे लाड तर नव्हेत? हाच पैसा अन्नदानास लावला असता तर? गीतेच्या सहाव्या अध्यायात भगवंतांनी आहाराच्या जोडीनेच विहाराचाही उल्लेख केला आहे आणि दोहोंस एकच अट घातली आहे : ते युक्त असावेत. आद्य शंकराचार्यांनी तेथे विहाराचा अर्थ पायी चालणे इतकाच केला आहे. आगगाडी त्यांच्या काळी नव्हती. परंतु अट काही बदललेली नाही.

कोणी म्हणेल की, कर्म करीत राहणे हाच गृहस्थाचा धर्म होय, त्यात सहलीला स्थान कोठले? यासाठी तंजावूरचाच दाखला देण्यासारखा आहे. तेथे मराठी राज्य स्थापन करणारे व्यंकोजीराजे, १६७७ मध्ये वडील बंधू शिवाजीमहाराजांशी झालेल्या भेटीनंतर व कलहानंतर, खिन्न होऊन राज्यकारभारातून मन काढून बसले. तेव्हा महाराजांनी त्यांस पत्र लिहून बजावले की, हे दिवस पराक्रमाचे आहेत, वैराग्य उतारवयात करावे. या पत्राचा आधार घेऊन विश्रांतीची निंदा करणे मात्र योग्य नव्हे. महाराजांचा आक्षेप विषादातून आलेल्या कर्मत्यागावर होता. अर्जुनाच्या हातून गांडीव गळाले तो हाच विषाद. चार दिवसांनी कामावर परत येण्यासाठी निघालेला मनुष्य कर्म टाकीत नाही.

तेव्हा खरा धोका प्रवासात नसून अन्यत्र आहे. चेन्नईस नोकरीनिमित्त राहिलेले एखादे तंजावुरी मराठी कुटुंब डोळ्यांपुढे आणावे. घरात मराठी बोलली जाते, पण मुलांची शाळा तमिळ आणि इंग्रजी. पुष्कळ घरांतून मराठी लिहायची झाली तर तमिळ लिपीत लिहितात. पिता मनाशी ठरवितो की, या सुटीत मुलांस पूर्वजांचा राजवाडा दाखवावा. रात्रीच्या गाडीने निघून पहाटे सर्वजण तंजावुरास उतरतात. राजवाड्यात दरबाराचे दालन आहे, उंच मनोरा आहे, सरस्वती महाल ग्रंथालयाचे संग्रहालय आहे. पिता हौसेने सांगू लागतो; मुलांचे चित्त मात्र अजून गाडीतच असते! वरच्या फळीवर कोण निजला, उजाडताना खिडकीतून किती कालवे गेले, यावरच त्यांचे भांडण चालते. पित्याचा स्वर चढतो. एवढा खर्च करून आणले ते कशासाठी?

या एका वाक्यात सर्व उलगडा आहे. मुलांना आणणे हे पित्याचे कर्म होते. त्यांच्या मनात पूर्वजांविषयी अभिमान उत्पन्न होणे हे फळ होते, आणि त्यावर त्याने आपला हक्क मानला होता. धनाचा लोभ ज्याने जिंकला आहे असा सज्जनही अपत्याच्या कृतज्ञतेचा लोभी असू शकतो; आणि हा लोभ कर्तव्याचे वस्त्र पांघरून येत असल्यामुळे ओळखू येत नाही.

ज्या वास्तूत हा राग येतो तेथेच त्याचे उत्तरही ठेवलेले आहे. दुसरे सरफोजीराजे १७९८ मध्ये गादीवर आले, आणि पुढल्याच वर्षीच्या तहाने राज्याचा कारभार इंग्रज कंपनीकडे गेला. राजांच्या हाती जवळजवळ किल्लाच तेवढा उरला. विषादास याहून सबळ कारण कोणते? परंतु त्यांनी शाळा चालविली, देवनागरी छापखाना काढला, मुलांकरिता इसापाच्या गोष्टी मराठीत छापविल्या. १८२० ते १८२२ या काळात मोठ्या परिवारासह ते काशीयात्रेस गेले आणि तेथूनही ग्रंथ जमवून आणले. १८३२ मध्ये ते निवर्तले. १८५५ मध्ये त्यांच्या पुत्रानंतर राज्यही खालसा झाले. ग्रंथालय सर्वांस खुले झाले ते १९१८ साली. तेथील सुमारे तीन हजार मराठी हस्तलिखिते आज कोण वाचतो, हे पाहण्यास राजे राहिले नाहीत. फ्लॅक्समन नामक इंग्रज शिल्पकाराने घडविलेला त्यांचा शुभ्र संगमरवरी पुतळा राजवाड्यात हात जोडून उभा आहे.

या विषयात आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. सहलीच्या आदल्या रात्री घरातील पुरुष व मुले आनंदाने निजतात आणि गृहिणी चिंचभात, दहीभात बांधीत जागी असते. प्रवासात वाढणारी तीच, आणि परतल्यावर कपड्यांचे ढीग धुणारीही तीच. एकाच्या श्रमावर सर्वांचा विहार झाला तर तो युक्त म्हणता येईल काय? डबे भरण्यास पित्याने बसावे, पाण्याची भांडी थोरल्या मुलाने उचलावीत. घरी राहिलेल्या वृद्ध आईस कोण सांभाळणार, याचीही व्यवस्था तिकिटे काढण्यापूर्वी झाली पाहिजे, नंतर नव्हे.

आणि मुलगा कालव्यांविषयीच बोलू लागला तर पित्याने पुतळ्यापाशी थोडा वेळ थांबून तेही ऐकावे. ते पाणी कावेरीचे आहे. ते कोठून येते, भातखाचरांत कसे वाटले जाते, हे त्याला मराठीतूनच सांगता येईल. आणि परतीच्या गाडीत खिडकीची जागा कोणाची, याचा निवाडा आईने करावा.