देह हे मंदिर होय
उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर येथे कोणी कन्या आरशापुढे आपल्या देहाची निंदा करून उपाशी राहते, तर कोणी स्थूलतेबद्दल घरच्यांचीच थट्टा सोसते. 2019-21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील सुमारे 21 टक्के स्त्रिया फार कृश व 23 टक्के अधिक वजनाच्या आढळल्या. यास्तव उपाशी राहणे हा सर्वांस उपाय नव्हे. अलीयाबाचा बांधा पाहून शमुवेल भुलला. प्रभूने मात्र अंतःकरण पाहिले. तथापि पौल देहास पवित्र आत्म्याचे मंदिर म्हणतो. मंदिराची निंदा करू नये, हयगयही करू नये. भाकरी, डाळ, भाजी बेताने खा, नित्य चाला, पुरते निजा. आणि कोणाच्या देहास हसू नका. आमेन.