तिसऱ्या चढाईची वाट

नाताळ उलटला की वसईच्या चिमाजी अप्पा मैदानावर कला-क्रीडा महोत्सवाची गर्दी होते आणि पुढे पाऊस पडेपर्यंत तालुक्यात कुठे ना कुठे रात्रीचे कबड्डीचे सामने चालू असतात. या सामन्यांना जाणाऱ्याला एक आरडाओरडा पाठ झालेला असतो. आपला रेडर मध्यरेषा ओलांडतो, चढाईत ओलांडावीच लागते त्या निदानरेषेपलीकडे पाय टाकून येतो, दोन पावलं डावीकडे, दोन उजवीकडे, एक हात उगाच हवेत फिरवतो आणि वेळ संपत आली की परततो. गुण नाही, बाद नाही, काहीच नाही. समोरचा संघही तेच करतो. मग दोरीमागून आवाज येतो, "अरे आत घुस ना!" पाठोपाठ दुसरा, "टाइमपास करायला आलाय काय?" शिव्या वाडवळीत असतात, सामवेदीत असतात, आगरी-कोळ्यांच्या बोलीत असतात, नालासोपारा-विरारच्या चाळींतून आलेल्या मालवणीतही असतात. एरवी पाण्यापासून महापालिकेपर्यंत कशावरच एकमत नसलेला हा तालुका एवढ्या एका बाबतीत एकजूट आहे.

जाणकार मंडळी या ओरड्याकडे दुर्लक्ष करतात. बाहेर बसून बोलायला काय जातं, आत उतरून बघा, हे त्यांचं ठरलेलं उत्तर. ते अगदीच पोकळ नाही, म्हणून आधी तेच नीट पाहू.

आजची कबड्डी ही जुन्या संजीवनी प्रकाराची वारसदार. पूर्वी तीन प्रकार खेळले जात. गामिनीत बाद झालेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसे. अमरमध्ये बाद झाला तरी गडी मैदानातच राही, समोरच्याच्या खात्यावर फक्त गुण चढे. संजीवनीत समोरचा एक बाद केला की आपला एक जिवंत होऊन आत येतो. आपण खेळतो ती ही तिसरी रीत, आणि तिच्यामुळेच चढाईपटू जपून पावलं टाकतो. तो पकडला गेला तर नुकसान एका गुणावर थांबत नाही. मुख्य रेडर बाहेर बसला की पुढच्या चढाया दुय्यम गड्यांवर येतात, त्यातला एक पकडला जातो, मग आणखी एक, आणि बघता बघता सगळा संघ बाद, म्हणजे लोण. लोणाचे दोन गुण पुन्हा वेगळे.

बोनसचंच घ्या. बोनस रेषा निदानरेषेच्या पुढे फक्त एक मीटर. समोर किमान सहा गडी हवेत, पुढचा पाय रेषेपलीकडे टेकला पाहिजे आणि त्या क्षणी मागचा पाय हवेत पाहिजे. म्हणजे एका गुणासाठी त्या पोराने क्षणभर एका पायावर उभं राहायचं, तेही कोपरारक्षकाच्या हातभर अंतरावर, जो नेमक्या त्याच घोट्याची वाट बघत वाकून बसलाय. घोटा सापडला की मधले चौघे अंगावर येतात. दोरीमागून हा एक मीटर फार लहान दिसतो.

तेव्हा सावधपणा ही भित्र्याची खूण नव्हे, हे कबूल. तरीही प्रेक्षकाचा वैताग अडाणी ठरत नाही. त्याला काहीतरी खटकतंय, फक्त ते नीट सांगता येत नाही. ते काय आहे, हे तिसऱ्या चढाईच्या नियमाकडे पाहिलं की कळतं.

प्रो कबड्डी २६ जुलै २०१४ रोजी सुरू झाली. टीव्हीला रिकाम्या चढाया परवडणाऱ्या नव्हत्या. तीस सेकंदांचं घड्याळ आणि 'डू ऑर डाय' या दोन गोष्टी या स्पर्धेने घराघरांत नेल्या. एका संघाच्या लागोपाठ दोन चढाया कोऱ्या गेल्या की तिसरीत गुण आणायचाच. नाहीतर रेडर बाद आणि समोरच्याला गुण. रिकामं फिरणाऱ्यांना चाप बसावा, हा हेतू होता.

झालं उलटंच. संघांनी त्या नियमाचंच वेळापत्रक करून टाकलं. पहिल्या दोन चढायांत जायचं, निदानरेषा ओलांडायची, यायचं. तिसरीची वेळ आली की मुख्य रेडर राखून ठेवून त्या कामासाठी नेमलेल्या वेगळ्याच पोराला पाठवायचं. बचाव करणाऱ्यांनाही हे सोयीचं, कारण तिसऱ्या चढाईला आलेल्याला अंगाला भिडावंच लागतं. वाट बघत उभं राहिलं की शिकार चालत येते. आता साधा हिशेब करा. सामना ४० मिनिटांचा. प्रत्येक चढाई पूर्ण ३० सेकंद ओढली तर एकूण ८०, म्हणजे एका संघाच्या वाट्याला ४०. त्यांतल्या दर तीनपैकी दोन शोभेच्या असल्या तर खऱ्या अर्थाने खेळलेल्या चढाया उरतात जेमतेम १३. प्रेक्षक तिकीट काढून किंवा झोपमोड करून ४० मिनिटं बसतो आणि आपल्या संघाच्या म्हणून त्याच्या पदरात पडतात या तेरा.

आघाडीवर असलेल्या संघाने शेवटच्या पाच मिनिटांत घड्याळ खाल्लं तर त्यात गैर काही नाही. पण वरचढ संघाने पहिल्या मिनिटापासून हेच केलं तर तो स्वतःच्याच पायावर धोंडा पाडून घेतो, कारण डाव जितके कमी तितकं नशीब वरचढ. चाळीस वेळा झुंज झाली तर बलवान बहुतेक जिंकतो. तेरा वेळा झाली तर एखादी निसटलेली पकड, पंचाची एखादी शंकास्पद शिट्टी निकाल फिरवू शकते. जकार्ताच्या २०१८ च्या आशियाई स्पर्धेत, सलग सात सुवर्णपदकं घेतलेल्या भारताच्या पुरुष संघाला उपांत्य फेरीत इराणने २७-१८ असं हरवलं. तो सामना याच एका कारणाने गेला असं म्हणणं इराणच्या बचावावर अन्याय होईल. पण चाळीस मिनिटांत अठरा गुण, हा आकडा बलाढ्य म्हणवणाऱ्या संघाला शोभणारा नव्हता.

आणि पिछाडीवरच्या संघाचं काय? चार गुणांनी मागे, आठ मिनिटं बाकी, मैदानात सातच्या सात गडी, आणि तरी रेडर निदानरेषेवरून परत. इथे नियमाचा, दमाचा, दुखापतीचा कुठलाच खुलासा पुरत नाही. या जागी मला लॉर्ड्स आठवतं. ७ जून १९७५, पहिल्या विश्वचषकाचा पहिला सामना. इंग्लंडच्या ४ बाद ३३४. सुनील गावसकर सलामीला आले आणि ६० षटकं संपली तेव्हा नाबाद होते, १७४ चेंडूंत ३६. भारत ३ बाद १३२. लोक मैदानात शिरून विनवण्या करत होते. त्या खेळीची कारणं शोधण्यात पुढे बरीच शाई खर्ची पडली, ती सोडून देऊ. डोळ्यांत खुपतो तो धावफलक: पराभव २०२ धावांनी आणि हाताशी सात गडी शिल्लक. हरण्याचा राग त्यात फार नव्हता, ३३४ त्या काळी डोंगरच होता. राग होता तो खर्च न करता हरण्याचा. गाठीचे पैसे गाठीला ठेवून उपाशी मेलेल्या माणसाबद्दल जे वाटतं, ते.

मग हातचं राखून हरणं माणसं का पत्करतात? माझ्या मते याचं उत्तर खेळात कमी आणि दोष कुणाच्या नावावर पडतो यात जास्त आहे. कोऱ्या चढाईला नाव नसतं. गुणतक्त्यात ती शून्य म्हणून जाते आणि माइकवरचा निवेदकही तिथे घोट पाणी पिऊन घेतो. पकडल्या गेलेल्या चढाईला मात्र नाव असतं, ते माइकवरून साऱ्या गावाला ऐकू जातं, आणि निवड समितीच्या माणसाच्या वहीतही उतरतं. आता त्या पोराच्या जागी उभं राहा. महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना ५ टक्के आरक्षण आहे. पोलिस, रेल्वे, बँका, तेल कंपन्या यांचे संघ आहेत. जिल्ह्याच्या निवड चाचणीपासून राज्याच्या संघापर्यंत प्रत्येक पायरीमागे एक कायमची नोकरी दिसते आणि त्या नोकरीमागे घरचे चार जण. वेडं धाडस करून बाद झालेला आणि समजूतदारपणे कोरा परतलेला, यांत कुणाचं नाव खोडलं जाईल, हे त्याला कुणी शिकवावं लागत नाही.

तिसऱ्या चढाईचा नियम का फसला, तेही इथेच उमगतं. त्या नियमाने धाडसाची सक्ती केली आणि सक्तीबरोबर सबबही देऊन टाकली. तिसऱ्या चढाईत पकडला गेलेल्याला कुणी बोल लावत नाही. त्याला जावंच लागणार होतं, बिचारा काय करेल! पहिल्याच चढाईत बोनससाठी पाय टाकून पकडला गेलेला मात्र आगाऊ ठरतो. मग शहाणा कर्णधार तिसरीचीच वाट बघणार.

हे दुखणं एकट्या कबड्डीचं नाही. अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलमध्ये (हे आपलं फुटबॉल नव्हे; चेंडू हातात घेऊन पळायचा, चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचं) प्रशिक्षक चेंडू लांब फेकण्याऐवजी पुन्हा पुन्हा समोरच्या धिप्पाड घोळक्यात पळवत राहिले की ऐंशी-ऐंशी हजारांची स्टेडियमं अशीच करवादतात. चौथा प्रयत्न जोखमीचा, म्हणून बहुतेक प्रशिक्षक तिथे चेंडू लाथाडून समोरच्याला देऊन मोकळे होतात. डेव्हिड रोमर या अर्थशास्त्रज्ञाने तिथल्या व्यावसायिक सामन्यांची आकडेवारी तपासून २००६ साली दाखवून दिलं की, जिंकण्याचाच हिशेब केला तर संघांनी याहून कितीतरी जास्त वेळा पुढे जायला हवं होतं. म्हणजे चिडलेला प्रेक्षक पुष्कळदा बरोबर होता आणि लाखो डॉलर पगार घेणारा प्रशिक्षक चूक. त्याची चूक गणिताची नव्हती. रूढ रीतीने हरलं तर नोकरी टिकते, हे त्याचं गणित पक्कं होतं.

पण प्रेक्षकाला इथेच माळ घालून मोकळं होता येत नाही. त्याच दोरीमागचा तोच गृहस्थ, "आत घुस" म्हणून ज्याने घसा फोडला, तो रेडर आत घुसून पकडला गेला की पुढच्या सेकंदाला ओरडतो, "कोणी सांगितलं होतं नसती शहाणपत करायला?" त्याला धाडस हवं असतं, पण यशस्वी झालेलं. हा गृहस्थ स्वतः वर्षानुवर्षं तीच विरार फास्ट पकडतो, तोच डबा, तीच खिडकी. पैसे मुदत ठेवीत. मुलाने चांगली नोकरी सोडून धंदा काढतो म्हटलं तर घरात दोन दिवस अबोला. त्याच्या वतीने जोखीम घ्यायला गावात सातच पोरं आहेत आणि ती रात्री अकराला मातीत उतरतात. मी त्याची थट्टा करतोय खरा, पण त्या दोरीमागे बसणाऱ्यांतला मीही एक आहे. मुद्दा एवढाच की, रेडरला दोन्ही आरोळ्या ऐकू येतात आणि दुसरी जास्त लागते. कोऱ्या चढायांचा एक कारखानदार प्रेक्षकही आहे.

थांबणं वेगळं आणि टाळणं वेगळं, हे वसईला तरी कुणी सांगायला नको. मैदानाला ज्यांचं नाव आहे त्या चिमाजी अप्पांनी १७३९ साली किल्ल्याला वेढा घालून कित्येक आठवडे काढले. बाहेरून बघणाऱ्याला ते नुसतं बसणंच वाटलं असेल. पण त्या काळात बुरुजांखाली सुरुंग खणले जात होते, आणि मे महिन्यात ते उडाल्यावर, मोठी मनुष्यहानी सोसून, किल्ला हातात आला. चांगला रेडरही पहिल्या दोन चढायांत असं खणू शकतो. कोपरारक्षक कुठल्या पायावर भार देतो, मधली साखळी कधी तुटते, कोण आधी उतावीळ होतो, हे तो हेरून ठेवतो. प्रो कबड्डीत यू मुंबाला २०१५ मध्ये विजेतेपद मिळवून देणारा अनुप कुमार याच जातीचा. त्याची संथ चढाई बघताना कुणी टाइमपास म्हटलेलं मी ऐकलं नाही, कारण प्रत्येक येरझारीत काहीतरी शोधणं चाललंय, हे शेवटच्या रांगेतल्यालाही दिसत असे. प्रेक्षक संथपणावर चिडत नाही. हेतू नसलेल्या संथपणावर चिडतो, आणि तो फरक त्याला नेमका कळतो.

आता नियमांत हात घालायचा तर एक जागा आपल्याकडे आयती आहे. बाद फेरीत बरोबरी झाली की पाच-पाच चढायांचा जादा डाव होतो. दोन्हीकडे सातही गडी उभे, बाद-जिवंत नाही, फक्त गुण मोजायचे, आणि निदानरेषेलाच बोनस रेषा धरायचं. म्हणजे घटकाभर जुनी अमर कबड्डीच. चाळीस मिनिटं रेषेवरून परतणारी तीच पोरं या पाच चढायांत मुसंडी मारतात, कारण चुकलं तर एक गुण जातो, माणूस जात नाही. त्या वेळी खुर्चीवर कुणी बसलेलं नसतं आणि माइकवरून शंभर-पाचशेच्या बक्षिसांची नावं वाचता वाचता निवेदकाचा घसा बसतो. संयोजकांनी साखळी फेरीत, जिथे एका पराभवाने कुणी घरी जात नाही, प्रत्येक सामन्याची शेवटची पाच मिनिटं याच पद्धतीने खेळवून बघावीत. बचावपटू कुरकुर करतील, आणि त्यांची कुरकुर रास्त असेल: पकडीतून मिळणारी निम्मी कमाई म्हणजे समोरचा माणूस बाहेर बसवणं, तीच काढून घेतली तर जीव तोडून घोटा कशाला धरायचा? त्यावर तोडगा म्हणून त्या पाच मिनिटांत पकडीला एकाऐवजी दोन गुण देता येतील. तेही जमत नसेल तर बक्षीस समारंभात 'उत्कृष्ट चढाई' आणि 'उत्कृष्ट पकड' यांच्या जोडीला तिसरा एक करंडक ठेवा, पहिल्या किंवा दुसऱ्या चढाईत आत घुसून पकडल्या गेलेल्या रेडरसाठी. देणगीदार मिळायला अडचण येऊ नये. दोरीमागे इतकी वर्षं "आत घुस" ओरडणाऱ्यांकडूनच वर्गणी काढावी.